प्रोग्रॅमचे अवयव पाडताना

सकाळी डेअरीला दूध घातले की आपल्या हातात एक चिठ्ठी पडते. तिच्यावर सभासद क्रमांक असतो, लिटर असतात, फॅट किती लागली, एसएनएफ किती लागला, दर काय बसला आणि रक्कम किती झाली हे सारे छापलेले असते. दहा दिवसांनी मोठे बिल निघते. त्यात पेंडीचे पैसे, घेतलेली उचल वगैरे वजा होऊन हातात काय येणार तो आकडा असतो. पूर्वी हा हिशेब सचिव वहीत करीत. आकडा पटला नाही तर "अण्णा, जरा वही दाखवा" असे म्हणता येई, आणि अण्णाही बोट ठेवून ओळ न् ओळ दाखवीत. आता तो हिशेब संगणक करतो. आकडा पटला नाही तर उत्तर मिळते, "मशीनने काढलाय."

पण मशीन काही आपल्या मनाने आकडा काढीत नाही. काय करायचे ते कोणा तरी माणसाने बसून, पायरीपायरीने, तिला लिहून दिलेले असते. त्या लिखाणाला प्रोग्रॅम म्हणतात, आज्ञावली म्हणतात. अण्णांची वही जशी दुसऱ्याला वाचता येत होती तशी ही आज्ञावलीही दुसऱ्या माणसाला वाचता आली पाहिजे, नाही का? पुष्कळदा ती येत नाही. याचे कारण ती अवघड असते असे नव्हे, तर ती लांबत लांबत गेलेली असते. अशी लांबलेली आज्ञावली लहान लहान, नावे दिलेल्या तुकड्यांत कशी मांडावी, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

इंग्रजीत या कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. शब्द परका वाटेल. पण त्यातला फॅक्टर आपल्या ओळखीचा आहे. शाळेत आपण सर्वांनी अवयव पाडले आहेत. क्षचा वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा, याचे अवयव कोणते? क्ष अधिक दोन आणि क्ष अधिक तीन. क्षच्या जागी एक घाला: पहिल्या मांडणीत उत्तर बारा, दुसऱ्या मांडणीत तीन गुणिले चार, म्हणजे पुन्हा बाराच. मांडणी बदलली, किंमत बदलली नाही. प्रोग्रॅमच्या बाबतीत नेमके हेच करायचे असते. बाहेर पडणारे उत्तर पैशापैशापर्यंत तेच राहिले पाहिजे, आणि आतली मांडणी मात्र वाचणाऱ्याला सोपी झाली पाहिजे. उत्तर बदलले, तर ते अवयव पाडणे नव्हे, ते नवे गणित झाले.

आता असे समजा, की एका गावच्या दूध संस्थेसाठी कोणी तरी बिलाचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या दिवशी तो चाळीस ओळींचा होता. लिटर घे, फॅट घे, एसएनएफ घे, दरपत्रकावरून दर काढ, गुणाकार कर, छाप. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरायचा, त्याच्या वर गेले तर दर वाढवायचा, खाली आले तर उतरवायचा, एवढाच हिशेब. पुढे म्हशीचे दूध येऊ लागले. तेव्हा आणखी वीस ओळी घातल्या. मग संध्याकाळची पाळी सुरू झाली. सकाळच्या ओळी तयारच होत्या. त्यांची नक्कल करून खाली चिकटवली. नंतर पेंडीची कपात आली, उचल आली, उचलीचे हप्ते आले, पैशांचा पूर्णांक आला. जुन्या घराला आधी पडवी काढतात, मग पडवीत न्हाणीघर करतात, मग त्यावर पत्रा टाकून जळण ठेवतात, तसे हे वाढत गेले. एकाही दिवशी कोणी काही वावगे केले नाही. पण दोन-तीन वर्षांनी पाहावे तो दीडशे-दोनशे ओळींचा एकच एक प्रोग्रॅम, मध्ये कोठे थांबा नाही, विसावा नाही.

मग एक दिवस दर वाढतो. गाईच्या दुधाला लिटरमागे एक रुपया. प्रोग्रॅम सांभाळणारा मुलगा येतो, दराची ओळ शोधतो, आकडा बदलतो, सकाळचे बिल काढून बघतो. बरोबर येते, आणि तो निघून जातो. संध्याकाळच्या नकलेतला दर तसाच जुना राहतो, कारण तेथे नक्कल आहे हे त्याला ठाऊकच नाही. नव्वद ओळी खाली कोण जाऊन पाहतो? संध्याकाळी पाच लिटर दूध घालणाऱ्याचे दहा दिवसांत पन्नास रुपये कमी येतात. असे दोनशे उत्पादक असले, तर दहा दिवसांत दहा हजार रुपये झाले. चिठ्ठी मात्र स्वच्छ छापलेली असते, आणि छापील आकड्यावर संशय घ्यायला आपली जीभ कचरते.

हे उदाहरण मी मनचे घेतले आहे. पण अशा तऱ्हेची चूक मनची नाही. एकच नियम दोन ठिकाणी लिहिला, की एके ठिकाणी बदलून दुसरीकडे विसरण्याची सोय आपण स्वतःच करून ठेवतो.

यावर उपाय कसा करावा ते आता पाहू. पहिली गोष्ट ही, की प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी जुनी बिले गोळा करावीत. वीस-पंचवीस पुरेत, पण ती निवडून घ्यावीत: एक फक्त गाईचे, एक फक्त म्हशीचे, एक दोन्हींचे, एक उचल असलेले, एक नसलेले, एक असे की ज्यात कपात जास्त आणि दूध थोडे म्हणून हातात शून्य आले. ही बिले म्हणजे आपले माप. आत काहीही बदल केला, की हीच बिले पुन्हा काढायची आणि जुन्यांशी ताडून पाहायची. एका पैशाचा फरक आला तरी थांबायचे आणि शेवटचा बदल मागे घ्यायचा. हे माप हाताशी नसताना जो अवयव पाडायला बसतो, त्याचे धाडस मला पसंत नाही. आपण उत्तर बदलले की नाही हे त्याला कळणार कसे?

माप तयार झाले की एकच तुकडा निवडावा. आपण दराचा निवडू. दर काढायला काय काय लागते? जनावर कोणते, फॅट किती, एसएनएफ किती, तारीख कोणती. बाहेर काय येते? एक आकडा, लिटरमागचा दर. बस्स! सभासदाचे नाव लागत नाही, उचल लागत नाही, सकाळ की संध्याकाळ हेसुद्धा लागत नाही. मग या ओळी उचलून वेगळ्या ठेवायच्या आणि त्यांना नाव द्यायचे, "दर काढा". प्रोग्रॅमच्या भाषेत अशा नाव दिलेल्या तुकड्याला फंक्शन म्हणतात, काही भाषांत मेथड म्हणतात. मूळ जागी आता पंचवीस ओळींऐवजी एकच ओळ राहते: दर काढा, गाय, एवढी फॅट, एवढा एसएनएफ, अमुक तारीख. हे करून बिले ताडून पाहायची. जुळली, की मग त्या नव्वद ओळी खालच्या संध्याकाळच्या नकलेकडे जायचे, ती पुसून तेथेही तीच एक ओळ लिहायची, आणि पुन्हा बिले ताडायची.

आता दर बदलला, तर तो बदलण्याची जागा एकच. विसरायला दुसरी जागा उरलीच नाही.

असेच एकेक करून इतर तुकडे काढायचे. हे सारे झाल्यावर मुख्य प्रोग्रॅम कसा दिसेल, तो आपल्या मराठीत वाचून दाखवतो:

सभासद शोधा.
दहा दिवसांतल्या प्रत्येक पाळीसाठी दर काढा, पाळीची रक्कम काढा.
सर्व पाळ्यांची बेरीज करा.
कपात काढा.
बेरजेतून कपात वजा करा.
बिल छापा.

सहा ओळी आहेत. या वाचायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. संस्थेचे अध्यक्ष वाचू शकतील, सभासद वाचू शकतील. कोणाला शंका आलीच, तर ती कपातीविषयी आहे की दराविषयी हे आधी ठरवता येते, आणि मग तेवढाच तुकडा उघडून पाहता येतो. वहीवर बोट ठेवण्याची सोय यामुळे परत येते.

हे काम करताना एक गंमत हटकून दिसते. जुन्या प्रोग्रॅममध्ये "रक्कम" नावाचा एकच डबा असतो. वर त्यात एका पाळीची रक्कम असते, मध्ये त्याच डब्यात दहा दिवसांची बेरीज येते, आणि खाली कपात वजा करून उरलेले पैसेही त्याच डब्यात! लिहिणाऱ्याला सोयीचे वाटले असेल. पण वाचणाऱ्याने त्या नावावरून काय समजावे? घरात एकाच डब्यात सकाळी मीठ, दुपारी साखर आणि रात्री फिनाइल ठेवले तर काय होईल, ते मी सांगायला नको. तुकडे वेगळे करताना आत काय जाते आणि बाहेर काय येते हे सांगावेच लागते, त्यामुळे हे घोटाळे आपोआप वर येतात. मग एक डबा "पाळीची रक्कम" होतो, दुसरा "दहा दिवसांची बेरीज" आणि तिसरा "हातात येणारी रक्कम".

नावांविषयी शिक्षक मंडळींना मुद्दाम सांगतो, कारण मुलांना ही सवय तुम्हीच लावू शकता. पुष्कळ जण तुकड्याला नाव देतात "हिशेब एक", "हिशेब दोन", "नवा हिशेब", "नवा हिशेब खरा". ही नावे नसून तुकड्यांवरचे क्रमांक आहेत. तुकडा काय करतो ते नावाने सांगावे; कसे करतो ते आतल्या ओळी सांगतील. माझी स्वतःची कसोटी अशी आहे: तो तुकडा काय करतो हे एका वाक्यात मोठ्याने बोलून पाहावे. वाक्यात "आणि" आला, "शिवाय" आला, "जमल्यास" आला, की त्यात दोन कामे कोंबली आहेत असे समजावे. "दर काढतो आणि चिठ्ठीही छापतो" हा तुकडा अजून फुटायचा आहे.

कोणी विचारील, किती ओळींचा तुकडा बरा? याचे उत्तर ओळींच्या संख्येत देणे मला योग्य वाटत नाही. साठ ओळींचे साधे दरपत्रक एका नजरेत कळते आणि बारा ओळींची गुंतवळ तासभर कळत नाही. मात्र तपासण्याचा हिशेब सांगतो, तो गणित शिकवणाऱ्यांना आवडेल. आपल्या बिलात सहा प्रश्न आहेत असे धरा: गाय की म्हैस, फॅट मर्यादेत आहे की नाही, एसएनएफ मर्यादेत आहे की नाही, पेंड घेतली की नाही, उचल आहे की नाही, जुना हप्ता राहिला आहे की नाही. प्रत्येकाची दोन उत्तरे. एकाच लांब प्रोग्रॅममध्ये हे सारे गुंतलेले असले तर वाटा किती? दोनाचा सहावा घात, म्हणजे चौसष्ट. पण पहिले तीन प्रश्न दराचे आहेत आणि पुढचे तीन कपातीचे. दोन तुकडे वेगळे केले तर दराच्या आठ वाटा आणि कपातीच्या आठ, मिळून सोळा. वर जोडणी तपासायला चार-दोन बिले. चौसष्ट वाटा कोणी तपासत नाही, सोळा तपासता येतात.

ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांनी एडसॅक नावाचा संगणक बांधला, आणि ६ मे १९४९ रोजी त्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. त्या यंत्राला आठवण ठेवायला जागा फार थोडी. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोके पाडून द्यावा लागे. तेथे डेव्हिड व्हीलर या तरुणाने नेहमी लागणारी कामे, जसे वर्गमूळ काढणे किंवा उत्तर छापणे, वेगवेगळ्या लहान प्रोग्रॅमांत लिहून ठेवण्याची आणि मुख्य प्रोग्रॅममधून त्यांना हाक मारून पुन्हा परत येण्याची पद्धत बसवली. अशा तुकड्यांच्या पट्ट्यांचे त्यांनी चक्क ग्रंथालय केले. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांचे त्यावर पुस्तकही निघाले. पुढच्याच वर्षी एका परिषदेत व्हीलर यांनी जो मुद्दा मांडला तो मला फार मोलाचा वाटतो. जागा वाचते, मेहनत वाचते हे तर खरेच; पण तुकड्यांनी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये लिहिणाऱ्याला एका वेळी एकाच भागाकडे लक्ष देता येते, बाकीचा पसारा मध्ये मध्ये येऊन त्रास देत नाही, असे त्यांचे म्हणणे. आज जागेची टंचाई राहिलेली नाही, खिशातल्या फोनमध्ये एडसॅकच्या कितीतरी पट जागा आहे. माणसाच्या डोक्यातली जागा मात्र तेवढीच आहे, म्हणून व्हीलर यांचा मुद्दा अजून तसाच लागू पडतो.

नवा प्रोग्रॅम तुकड्यांनी बांधणे ही एक गोष्ट, आणि आधीच लांबलेल्या प्रोग्रॅमचे, तो चालू असताना, तुकडे करणे ही दुसरी. या दुसऱ्या कामाला शास्त्र म्हणून रूप यायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात विल्यम ओपडाइक यांनी १९९२ मध्ये यावर प्रबंध लिहिला, आणि १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांचे रिफॅक्टरिंग नावाचे पुस्तक आले, ज्याने हा शब्द जगभर नेला. त्यातले पहिलेच उदाहरण ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल: ते एका बिलाचेच आहे! चित्रपटांच्या कॅसेटी भाड्याने देणारे दुकान; नव्या चित्रपटाचा दर वेगळा, मुलांच्या चित्रपटाचा वेगळा, दिवसांप्रमाणे भाडे वाढते, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला गुण मिळतात. हे सारे एकाच लांब मेथडमध्ये कोंबलेले. मालकाला तेच बिल आणखी एका तऱ्हेने छापून हवे असते. नक्कल करून चिकटवणे सोपे. पण मग भाड्याचे नियम दोन ठिकाणी होणार, आणि नियम बदलले की आपल्या संध्याकाळच्या पाळीसारखेच होणार. म्हणून फाउलर आधी भाडे काढण्याच्या ओळी बाहेर काढून त्यांना नाव देतात. आणखी एक उपयुक्त खूण ते सांगतात. प्रोग्रॅममध्ये एखाद्या जागी "येथून पुढे कपात काढली आहे" अशी टीप लिहावीशी वाटली, तर ती टीपच सांगते की येथे एक तुकडा लपलेला आहे. टीपेतले शब्द उचला आणि तेच त्या तुकड्याचे नाव करा.

आता एक खरी घडलेली चूक सांगतो, म्हणजे हे फक्त टापटिपीचे प्रकरण आहे असे कोणाला वाटणार नाही.

आपण फोनवरून बँकेचे पान उघडतो तेव्हा समोर खरोखर बँकच आहे की दुसराच कोणी सोंग घेऊन बसला आहे, हे फोन आपल्या नकळत तपासतो. समोरून आलेल्या माहितीवर एक प्रकारची सही असते, ती तो पडताळतो. ॲपल कंपनीच्या आयफोनमध्ये आणि मॅक संगणकांत हे काम करणारे एक फंक्शन होते. त्याची घडण अशी: एक पायरी करा, बिघडले असेल तर थेट शेवटी जा, दुसरी पायरी करा, बिघडले असेल तर थेट शेवटी जा, असे करीत करीत अगदी अखेरच्या पायरीला सही पडताळायची. एके ठिकाणी "थेट शेवटी जा" ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली. पहिली ओळ "बिघडले असेल तर" या अटीला बांधलेली होती. दुसरी कशालाच बांधलेली नव्हती. म्हणजे काही बिघडले असो वा नसो, दर वेळी तेथूनच थेट शेवटी उडी! सही पडताळण्याची पायरी येतच नसे. आणि तोपर्यंत काही बिघडलेले नसल्यामुळे फंक्शन उत्तर देई, सारे ठीक आहे. त्यामुळे एकाच वायफायवर बसलेल्या लबाड माणसाला मध्ये शिरून बँकेचे सोंग घेणे शक्य झाले होते.

ती जादा ओळ कागदावर अशी आत सरकवून लिहिलेली होती, की पाहणाऱ्याला ती अटीच्या खालीच आहे असे वाटावे. त्या फंक्शनमध्ये आणि त्याच फाइलीत इतरत्रही जवळजवळ तशाच ओळींच्या रांगा होत्या. सारख्या दिसणाऱ्या ओळींवरून नजर घसरते. वारकऱ्यांच्या दिंडीत एक टाळकरी जास्त आहे हे कोण मोजतो? हा मजकूर कंपनीने लोकांना वाचायला खुला ठेवलेला होता, तरी दीडएक वर्ष ती ओळ तेथे बसून होती. अखेर २१ फेब्रुवारी २०१४ रोजी फोनसाठी आणि चार दिवसांनी मॅकसाठी दुरुस्ती निघाली.

तुकडे पाडलेले असते तर ही चूक झालीच नसती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अटीखालच्या ओळींना नेहमी कंस घालण्याची शिस्त असती, किंवा मुद्दाम खोटी सही देऊन "हिला नकार मिळतो ना?" अशी एक चाचणी ठेवली असती, तरी ती सापडली असती. पण त्या तीन-चार सारख्या पायऱ्यांचे एक लहान फंक्शन करून ते सगळीकडून वापरले असते, तर वर उरल्या असत्या दोनच ओळी: सार काढा, सही पडताळा. दोन ओळींतली एक गळाली तर डोळ्यांना दिसते. शिवाय लहान फंक्शनला खोटी माहिती देऊन पाहणे सोपे असते, लांब फंक्शनला ते करायला सगळा डोलारा उभा करावा लागतो, म्हणून मग कोणी करीत नाही.

आता या कामातल्या दोन-तीन खाचाखोचा.

केंट बेक नावाच्या प्रोग्रॅमकाराने दोन टोप्यांची उपमा दिली आहे. एक टोपी मांडणी सुधारण्याची, दुसरी नवे काम वाढवण्याची, आणि एका वेळी डोक्यावर एकच असावी. (आपल्याकडे टोपी घालण्याचा अर्थ वेगळा होतो, तो येथे घेऊ नये.) तुकडे पाडता पाडता "येताजाता हा नवीन बोनसही घालून टाकू" असा मोह होतो. मग बिले जुळेनाशी होतात, आणि फरक बोनसमुळे आला की तुकडे पाडताना काही सांडले, हे सांगता येत नाही.

पूर्णांकाची खोच तर फार फसवी आहे. समजा ४.३ लिटर दूध आणि दर ३८ रुपये ७५ पैसे. गुणाकार येतो १६६ रुपये साडेबासष्ट पैसे. प्रत्येक पाळीला पूर्ण पैसे करायचे ठरवले तर त्रेसष्ट पैसे होतील. वीस पाळ्यांचे होतात ३३३२ रुपये ६० पैसे. पण पूर्ण पैसे शेवटी एकदाच केले तर ३३३२ रुपये ५० पैसे. यांतले बरोबर कोणते, हे संस्थेने ठरवायचे आहे. तुकडे पाडणाऱ्याने नव्हे. त्याने पूर्णांक जेथे होत होता तेथेच ठेवावा. दहा पैसे म्हणून सोडून देऊ नये, कारण ते दहा पैसे सांगतात की किंमत बदलली.

आणि संध्याकाळचा तो जुना दर सापडला तर? येथे आपले माप आपल्याला वाचवणार नाही, हे ध्यानात ठेवा. जुन्या बिलांशी जुळणे म्हणजे जुन्यासारखे असणे. जुने चूक असेल तर नवेही तितकेच चूक येईल. म्हणून सकाळ-संध्याकाळचे तुकडे एक करताना बिले जुळली नाहीत, तर तो फरक लपवू नये. तो कागदावर लिहावा, दोन-चार बिले हाताने, दरपत्रक समोर ठेवून काढावीत, मग चूक दुरुस्त करणे हे वेगळे काम म्हणून, वेगळ्या दिवशी करावे. आणि सभासदांचे राहिलेले पैसे किती, तेही काढावे. हे सांगायला प्रोग्रॅम लिहिणारे बिचकतात. पण तो पैसा त्यांचा नाही.

उलट बाजूने अतिरेकही होतो. काही उत्साही मंडळी दोन-दोन ओळींचे तुकडे करून ठेवतात. मग एक रक्कम समजून घ्यायला वीस ठिकाणी हिंडावे लागते, तलाठ्याकडून मंडल अधिकाऱ्याकडे आणि तेथून तहसिलात हेलपाटे घालावेत तसे. जो तुकडा काढून वाचणाऱ्याचे काही सोपे झाले नाही, तो पुन्हा आत घालून टाकावा. फाउलर यांच्या पुस्तकात त्याचीही रीत दिली आहे, त्यात लाज काही नाही.

शिक्षकांसाठी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. संगणक नसला तरी चालेल. "निकालपत्रक तयार करणे" हे काम मुलांकडून एका लांब कागदी पट्टीवर, एकाखाली एक अशा तीस-चाळीस लहान सूचनांत लिहून घ्या: गुण वाचा, बेरीज करा, शेकडा काढा, नापास विषय मोजा, श्रेणी लावा, हजेरी भरा, सही घ्या. त्यात मुद्दाम शेकडा काढण्याच्या सूचना पहिल्या आणि दुसऱ्या सत्रासाठी दोनदा येऊ द्या. मग वर्गाला सांगा, एकूण गुण आता सहाशेऐवजी पाचशे आहेत, पट्टी दुरुस्त करा. किती जण दोन्ही जागा सुधारतात ते मोजा. नंतर कात्री द्या. पट्टी कापून सारख्या कामाचे तुकडे एकत्र ठेवायला सांगा, जे दोनदा आले त्यातले एक टाकून द्यायला सांगा, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर त्याचे नाव लिहायला लावा. नावे फळ्यावर क्रमाने मांडा, आणि एका मुलाचे गुण घेऊन जुन्या पट्टीने आणि नव्या मांडणीने निकाल काढा. दोन्ही निकाल जुळेपर्यंत तास सोडू नका. नावांवरून मुले भांडतील, तर भांडू द्यावे. ज्या शाळांत मुले स्क्रॅच वापरतात, तेथे स्वतःचा ठोकळा बनवून त्याला नाव देण्याची सोय आहेच. कात्रीचा तास झाल्यावर तो ठोकळा कशासाठी आहे हे सांगावे लागत नाही.